देवराम खंडागळे यांची कारणवही

विठ्ठलवाडी
९ जानेवारी २०२५

योगिनी मॅडम,

जय भीम आणि नमस्कार.

तुम्ही थेरपी सेंटरमधून अंतराच्या दप्तराच्या लाल कप्प्यात घालून पाठवलेला, तिचं वागणं नोंदवायचा तक्ता मिळाला. फोन करून समजावते असं तुम्ही आमच्या सूनबाईंना, मेघनाला, म्हणालात, पण फोनचा मला उपयोग नाही. डावा कान कारखान्यात गेला, उजवा वयाने गेला, आणि यंत्र लावलं की फोन त्यात शिट्टी मारतो. मुलगा राकेश म्हणतो व्हॉट्सॲप करा. निळ्या खुणा दिसल्या म्हणजे समोरच्याने वाचलं, हे काही मला पटत नाही. मी पत्र लाल कप्प्यात टाकत जाईन, तुम्हीही टाका.

माझी ओळख करून देतो. मी अंतराचा आजोबा. शहाडच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं टाइमकीपर होतो. गेटवर कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, ते मस्टरमध्ये माझ्या अक्षरात. मॅनेजरसाहेबांच्या मेव्हण्याला सात मिनिटं उशीर लिहिलेला माणूस आहे मी. लोक म्हणायचे, गेटवरचं घड्याळ चुकेल, खंडागळे चुकणार नाही. मी खाकरलो की पाळी बदलणारे शंभर लोक आपोआप रांगेत यायचे. तेव्हा मोजायचं कसं हे मला शिकवावं लागणार नाही.

मेघनाची हॉस्पिटलात संध्याकाळची पाळी असते आणि राकेश ठाण्याहून साडेसातला येतो. पाच ते सात घरात मी आणि अंतराच. आजचा तक्ता भरून पाठवतो आहे. "तीन वेळा चिडली. एकदा हट्ट केला. बाकी स्वभाव गोड."

पोर सहा वर्षांची झाली, अजून बोलत नाही, आणि मनगट चावते. तो वळ पाहिला की मला घास जात नाही. जूनमध्ये तिला पहिलीत घ्यायचं की नाही हे शाळा एप्रिलमध्ये ठरवणार आहे. ती शाळेत गेलेली मला बघायची आहे. एवढंच मागणं आहे.

देवराम खंडागळे


डोंबिवली
१३ जानेवारी

आजोबा,

नमस्कार. मॅडम नको, नुसतं योगिनी म्हणा.

तुमचं अक्षर बघून सेंटरमधल्या सगळ्यांना लाज वाटली. तक्ता मात्र परत पाठवतेय. "चिडली" मोजता येत नाही. तुम्हाला चिडली वाटेल ते मला कंटाळली वाटेल. "हट्ट" तर त्याहून वाईट, आणि "स्वभाव गोड" हे मला मान्य आहे, पण त्याला रकाना नाही.

आपण एकच गोष्ट मोजायची. अंतराचे दात मनगटाला लागले, तर एक रेघ. नुसता हात तोंडाजवळ नेला, दात लागले नाहीत, तर रेघ नाही. दात सुटले आणि पाच सेकंदांनी परत लागले, तर दुसरी रेघ. वेळ रोज पाच ते सात. तुम्ही तिथे असता तर तुम्हाला दिसेल, मी असते तर मला दिसेल, आणि दोघांच्या रेघा सारख्याच येतील. मोजमापाची परीक्षा हीच.

दुसरं. ती चावते तेव्हा कुणी उठायचं नाही, बोलायचं नाही, तिच्याकडे बघायचं नाही. सेंटरमध्ये आम्ही बघितलंय, काम समोर ठेवलं की ती चावते, आणि काम बाजूला केलं की थांबते. चावून काही मिळत नाही हे तिला कळलं तर ते कमी होईल, असा आमचा अंदाज आहे. तो बरोबर की चूक, हे तुमच्या रेघा सांगतील.

शाळेच्या बाई १२ एप्रिलला तिला दोन तास वर्गात बसवून बघणार आहेत. म्हणजे आपल्या हातात तीन महिने आहेत.

योगिनी


विठ्ठलवाडी
५ फेब्रुवारी

योगिनीताई,

तीन आठवड्यांचे तक्ते सोबत आहेत. पहिल्या आठवड्यात रोजच्या सहा, मग चार, आता तीन. काल तर दोनच. तुमचा अंदाज बरोबर आहे म्हणायचा. मी शेजारच्या बाबुरावांना तक्ता दाखवला. ते म्हणाले, या वेगाने होळीपर्यंत शून्य. मी त्यांना पेढा दिला.

एक गंमत सांगतो. मी रेघ मारतो तेव्हा अंतरा येऊन माझ्या गुडघ्याला टेकते आणि पेन्सिलीकडे बघत बसते. चार उभ्या आणि पाचवी आडवी मारली की खूष होते. तिचा डोळा चांगला आहे. माझ्या हाताखाली असती तर मी तिला मस्टर दिलं असतं.

देवराम


डोंबिवली
१७ फेब्रुवारी

आजोबा,

शनिवारी घरी आले तेव्हा तुम्ही इतक्या प्रेमाने थालीपीठ खाऊ घातलंत, म्हणून हे लिहायला मला दोन दिवस लागले.

पाच ते सात मी कोपऱ्यात मोजणीचं बटण घेऊन बसले होते, दाबलं की एक आकडा वाढतो तसलं. असं मधूनमधून करायचंच असतं. दोघांनी एकाच वेळी, एकमेकांचं न बघता मोजायचं आणि मग आकडे शेजारी ठेवायचे. माझे अकरा आले. तुमच्या तक्त्यावर तीन आहेत.

एकदोनचा फरक असता तर मी बोलले नसते. पण अकरा आणि तीन यांच्यात मला माझ्या अख्ख्या कामाची काळजी वाटते. तक्ता तीन म्हणत असेल तर मी समजणार की आपला उपाय लागू पडतोय, आणि तोच चालू ठेवणार. प्रत्यक्षात तो लागू पडत नसेल, तर बारा एप्रिलला वर्गात काय होईल, तुम्हीच सांगा.

रागावू नका. नक्की काय झालं, एवढंच सांगा.

योगिनी


विठ्ठलवाडी
१९ फेब्रुवारी

योगिनी मॅडम यांस,

चौतीस वर्षांत माझ्या आकड्यावर कुणी बोट ठेवलं नाही. युनियनने नाही, मालकाने नाही. तुम्ही दोन तास बसून ठेवलंत.

कोरे तक्ते परत पाठवत आहे. यापुढे मेघनाला रजेच्या दिवशी जमेल तसं ती भरेल.

दे. खंडागळे


डोंबिवली
४ मार्च

आजोबा,

दोन आठवडे लाल कप्पा रिकामा येतोय. मेघनावहिनींनी भरलेला एक तक्ता आला, रविवारचा. त्यावर तेरा आहेत. आज अंतराच्या मनगटावर नवी जखम बघितली.

मी भांडायला लिहीत नाही. माझी शनिवारची टिपणं मी काल परत वाचली. ज्या आठ वेळा मी बटण दाबलं आणि तुम्ही रेघ मारली नाहीत, त्या आठही वेळा तुम्ही खुर्चीतून उठला होतात. मी सांगितलं होतं उठायचं नाही, तरी उठलात. तीनदा पंखा बंद केलात. दोनदा तिला पाणी दिलंत. तीनदा जाऊन दार लावलंत. आणि दर वेळी अंतरा लगेच थांबली.

तुम्हाला ऐकू येत नाही, ती बोलत नाही. मग पंखा, पाणी की दार, हे तुम्हाला कसं कळलं? मी तिथेच बसले होते. मला नाही कळलं.

योगिनी


विठ्ठलवाडी
६ मार्च

योगिनीताई,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. मागच्या पत्रात मी तुम्हाला लागेल असं लिहिलं, त्याबद्दल आधी माफी मागतो.

आता खरं काय ते. आमच्या गेटवर दोन वह्या असायच्या. एक मस्टर, त्यात उशीर म्हणजे उशीर. दुसरी कारणवही. गाडी बंद पडली आणि स्टेशन मास्तरची चिठ्ठी असली, पावसाचं पाणी भरून रस्ता गेला, घरी मयत झाली, तर तो उशीर मस्टरवर चढायचा नाही. कारणवहीत वेळ आणि कारण लिहायचं, आणि माणूस आत. कारण असलं की तो उशीर नव्हे, हा आमचा नियम होता आणि त्यात कुणाला खोटेपणा वाटला नाही.

मी अंतराचंही तसंच केलं. उगाच चावली तर रेघ. कारण असलं तर कारणवहीत. पोरीला तहान लागली आणि कुणी बघितलं नाही म्हणून ती चावली, तर तो तिचा गुन्हा कसा? तुम्ही म्हणालात, बघायचं नाही, उठायचं नाही. मी खुर्चीचे हात धरून बसून बघितलं. नाही जमलं. आणि उठलो हे तुम्हाला कळू नये, म्हणूनही त्या रेघा मारल्या नाहीत. यातलं नियमाचं किती आणि लबाडीचं किती, ते मलाच सांगता येत नाही.

आतलं कारण वेगळंच आहे. आकडा मोठा दिसला तर शाळा नाही म्हणेल, याची मला भीती वाटली. मॅनेजरच्या मेव्हण्याला सात मिनिटं लिहिली आणि नातीला आठ रेघा माफ केल्या. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. म्हण सगळ्यांना येते, आपल्यावर आली की ओळखू येत नाही.

तुम्ही विचारलंत कसं कळलं. कान नसलेला माणूस डोळ्यांनी ऐकतो. आमच्या पंख्याला टकटक आहे म्हणे, मला ऐकू येत नाही. अंतरा वर बघते आणि कान खांद्याला दाबते, म्हणजे तिला पंखा नको. माठाच्या झाकणावर दोन बोटं ठेवते, म्हणजे पाणी. शेजारचा टीव्ही मोठा झाला की पायाचा अंगठा उंबरठ्याला लावून ढकलते, म्हणजे दार लावा. माझं लक्ष असलं तर मी उठतो. पेपरात डोकं असलं तर ती थोडी थांबते, आणि मग चावते. तेव्हा मी उठतो.

कारणवही सोबत आहे. नऊ जानेवारीपासून सोळा फेब्रुवारीपर्यंत एकही दिवस सुटलेला नाही. तुमच्या तक्त्यात मी खोटं लिहिलं, या वहीत नाही.

देवराम


डोंबिवली
१० मार्च

आजोबा,

काल रविवार होता. सकाळी चहा घेऊन तुमची वही उघडली आणि जेवायची वेळ कधी टळली कळलं नाही.

एकशे एकोणनव्वद नोंदी आहेत. प्रत्येकीला वेळ आहे, कारण आहे, आणि बहुतेकींना चावण्याआधी तिने काय केलं तेही आहे. पंख्याच्या त्रेसष्ट, पाण्याच्या एक्केचाळीस, दाराच्या अडतीस. उरलेल्या सत्तेचाळीस किरकोळ. आमच्याकडे या कामासाठी छापील कागद असतात. चावण्याआधी काय झालं, मग काय झालं, नंतर काय मिळालं. शिकलेली माणसं ते दोन दिवस नीट भरतात आणि तिसऱ्या दिवसापासून अंदाजपंचे. तुम्ही एकोणचाळीस दिवस भरलेत, कुणी सांगितलं नसताना.

आता माझी चूक. सेंटरमध्ये ए.सी. आहे, पाण्याची बाटली तिच्या टेबलावरच असते आणि दार कायम बंद. तिथे घरातलं एकही कारण मला दिसणं शक्य नव्हतं. मला तिथे जे दिसलं, तेच घरी असणार असं मी धरलं आणि तुम्हाला बघू नका म्हणून सांगितलं. अंतरा आधी विचारत होती. खांद्याने, बोटांनी, अंगठ्याने. उत्तर आलं नाही की चावत होती. आणि मी तुम्हाला उत्तर देऊ नका म्हणाले. तुम्ही माझं ऐकलं नाहीत, हे बरंच झालं.

तो सल्ला आजपासून रद्द. सोबत तीन चित्रं पाठवतेय, पंखा, पाणी, दार. तिच्या हाताला येतील अशी भिंतीला दोरीने लावा. तिने कान खांद्याला दाबला किंवा झाकणाला बोटं लावली की लगेच चित्र तिच्या हातात द्या, तिच्याकडून ते घ्या, आणि त्याच क्षणी ती वस्तू द्या. चावण्याची वाट बघायची नाही.

आता मोजायच्या दोन गोष्टी. चावणं, कारण असो नसो, सगळं. आणि मागणं. मागण्याचा आकडा वाढला पाहिजे. तो लिहिताना मात्र कंजूषपणा करू नका.

तुमची वही मी आमच्या सलिल सरांना दाखवली. ते म्हणाले, या गृहस्थांना विचारा, आमच्या नव्या मुलींना शिकवायला येतील का?

तुमची
योगिनी


विठ्ठलवाडी
२ एप्रिल

योगिनीताई,

तक्ते सोबत आहेत, आणि या खेपेला कारणवही नाही. सगळ्या रेघा एकाच कागदावर आहेत.

पहिल्या आठवड्यात चावणं रोज नऊ-दहा, मागणं तीन. तो नऊचा आकडा लिहिणं जड गेलं, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या आठवड्यात चावणं सहा, मागणं अकरा. या आठवड्यात चावणं दोन, मागणं एकोणीस. रविवारी मेघना स्वयंपाकघरातून मोजत होती आणि मी बाहेरून. तिचे दोन, माझे दोन. मागणं तिचं अठरा, माझं एकोणीस. ती एकदा भाजी परतत होती, त्यामुळे माझंच बरोबर धरा.

तक्रारही आहे. बाईसाहेबांना आता हुकूम देण्याची सवय लागली आहे. पंखा बंद, पंखा चालू, परत बंद. मी उठून उठून थकलो. गुडघे दुखतात आणि छाती फुगते, असं दोन्ही एकदम चाललं आहे. मनगटावरची खपली परवा पडली. खाली नवी कातडी आली आहे, गुलाबी. मी राकेशला बोलावून दाखवली. तो तिचा हात धरून बसला.

सरांना सांगा, येईन. पण नव्या मुलींनी वेळेवर यावं.

बारा तारखेला शाळेत मला येऊ देतील का? मागच्या बाकावर बसेन. तोंडातून शब्द काढणार नाही.

देवराम


डोंबिवली
१५ एप्रिल

आजोबा,

शाळेने हो म्हटलं. राकेशदादांनी तुम्हाला सांगितलंच असेल, पण लेखी माझ्याकडून असावं असं वाटलं. जूनपासून पहिलीत, आठवड्यातून दोन दिवस आमची एक ताई सोबत. शाळेच्या बाईंनी स्वतःच्या हाताने नोंद केली, दोन तासांत चावणं एक, मागणं सात. माझंही एक आणि सात. तो एक, घंटा वाजली तेव्हाचा. बाई मला म्हणाल्या, "अहो, न बोलणारी मुलगी आहे म्हणालात. ही तर वर्गातल्या निम्म्या मुलांपेक्षा जास्त बोलली."

आता दुसरी हकीकत. ती तुम्हाला कुणीच सांगितली नसणार.

तोंडातून शब्द काढणार नाही म्हणाला होतात, आणि नाही काढलात. पण आजोबा, तुम्ही खाकरत होतात. तुम्हाला ऐकू येत नाही, आम्हाला येतं. पहिल्यांदा खाकरलात तेव्हा पुढची चार मुलं ताठ बसली. मला हसू येत होतं, ते दाबायला म्हणून मी खिशातल्या दुसऱ्या बटणावर मोजत राहिले. शेवटी आकडा चौदा झाला.

आज सेंटरमध्ये अंतराचं दप्तर रिकामं करताना शाळेतला चित्रकलेचा कागद सापडला. बाईंनी सगळ्यांना घर काढायला दिलं होतं. अंतराने घर काढलेलं नाही. रेघा आहेत. चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी. मग चार उभ्या. मी आधी म्हटलं, आजोबांची नक्कल. मग आठवलं, तुम्ही खाकरलात की ती दर वेळी कागदावर वाकत होती. तिथून मला तिचा हात दिसत नव्हता, नुसती मान दिसत होती.

मी चौदा. ती चौदा. दोघींनी एकाच वेळी, एकमेकींचं न बघता मोजलं. शंभर टक्के जुळणी आहे, आजोबा. या कामात सात वर्षं झाली, माझी एवढी चोख जुळणी क्वचितच कुणाशी झाली असेल.

कागद लाल कप्प्यात ठेवला आहे.

योगिनी


विठ्ठलवाडी
१७ एप्रिल

चि. योगिनी,

कागद मिळाला. मस्टर भिंतीला लावायची पद्धत नाही, पण हा लावला. बाबुराव बघून गेले, मेघनाच्या हॉस्पिटलातल्या दोघी बघून गेल्या. काल मीटर बघायला आलेल्या माणसालाही दाखवला. त्याने विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, आमच्या अंतराने माझी हजेरी घेतली आहे. चौतीस वर्षं शंभर लोकांवर डोळा ठेवला, पण माझ्यावर कुणी ठेवला नव्हता. तो माझ्या नातीने ठेवला, आणि तोही बरोबर.

तिला मी एक पेन्सिल दिली आहे, माझी गेटवरची, पितळी टोपणाची. ती दप्तराच्या लाल कप्प्यात असेल. कुणी काढून घेऊ नये.

आता तुम्हा दोघींच्या चौदाबद्दल. मोजणाऱ्या दोघी हुशार आहेत, त्यामुळे आकडा मी मान्य करतो आणि खाली सही करतो. पण मी स्वतः मोजलं असतं तर तीनच भरले असते. बाकीच्या अकरांना कारण होतं.

तुझा
देवराम आजोबा